हायस्कूलसाठी न्यू जर्सी की न्यू यॉर्क?

मॅनहॅटनमध्ये नोकरी लागली की घर हडसन नदीच्या अलीकडे न्यू यॉर्कमध्ये घ्यायचं की पलीकडे न्यू जर्सीत, हा प्रश्न येतोच. भाडं, ट्रेन, मराठी मंडळ, देसी दुकानं हा हिशोब सगळेच करतात. मुलं सातवी-आठवीत असतील तर हायस्कूलचा डिप्लोमा कुठे कशावर मिळतो, तेही बघून ठेवा. आमच्या थोरल्याची नववी न्यू जर्सीत झाली, पुढचं शिक्षण न्यू यॉर्कमध्ये. दोन्हीकडच्या सरकारी शाळा जवळून पाहिल्या, त्यावरून लिहितोय.

क्रेडिटांच्या आकड्यांनी बिचकू नका. न्यू जर्सीत १२० लागतात आणि न्यू यॉर्कमध्ये २२, पण वर्षभराच्या विषयाला एकीकडे ५ मिळतात, दुसरीकडे १. ओझं साधारण सारखंच. सामाजिक शास्त्रं (इतिहास वगैरे) न्यू यॉर्कमध्ये चार वर्षं, न्यू जर्सीत तीन. न्यू जर्सीने पैशाच्या व्यवहारांचं शिक्षण सक्तीचं केलंय (२.५ क्रेडिटं), हे मला मनापासून आवडलं. परभाषेच्या ५ क्रेडिटांऐवजी त्या भाषेतलं प्रावीण्य दाखवायची सोयही तिथे आहे. घरात मराठी टिकवलेल्या मुलांना तिचा उपयोग होऊ शकतो, फक्त कोणती चाचणी चालेल ते शाळेच्या कौन्सेलरला आधीच विचारून घ्या.

खरा फरक परीक्षेत आहे. न्यू जर्सीत अकरावीत एनजेजीपीए, म्हणजे डिप्लोमासाठीची राज्याची परीक्षा, द्यायची: फक्त इंग्रजी आणि गणित, ७२५ ला पास. नाही जमलं तर एसएटी, एसीटीसारख्या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षांचे गुण चालतात, तेही नसतील तर पोर्टफोलिओ, म्हणजे मुलाने केलेल्या कामाचा संग्रह. न्यू यॉर्कच्या रीजंट्स, म्हणजे तिथल्या राज्याच्या परीक्षा, विषयवार असतात. इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास धरून पाच पेपर, प्रत्येकात ६५ हवेत.

न्यू जर्सीत मला एकच गोष्ट खटकली, पण ती वर्षभर खटकत राहिली. मुलाला बायोलॉजीत 'ए' होता. शाळेचं गुणांचं पोर्टल उघडून बघितलं तर त्यात गृहपाठ वेळेवर दिल्याचे गुण, पडलेली चाचणी पुन्हा देऊन वाढवलेले गुण, पोस्टर केल्याचे जादा गुण. शेजारच्या गावात मित्राच्या मुलीला त्याच विषयात 'बी', आणि पेशीविभाजन ती आमच्या मुलापेक्षा कितीतरी नीट समजावून सांगायची. त्या 'ए'चा अर्थ काय घ्यायचा, हे मला कुणी सांगू शकलं नाही. अकरावीत राज्याची विज्ञानाची चाचणी असते, पण डिप्लोमा तिच्यावर अडत नाही, आणि ती एकट्या बायोलॉजीची किंवा केमिस्ट्रीची नसते. सगळ्याच शाळांत असं होतं असं मी म्हणणार नाही. तुमच्या गावात चित्र वेगळं असेलही.

न्यू यॉर्कमध्ये आल्यावर त्याने केमिस्ट्री घेतली. विज्ञानाच्या रीजंट्सला बसायचं तर आधी १२०० मिनिटं प्रयोगशाळेत काढावी लागतात आणि प्रयोगांचे लेखी अहवाल समाधानकारक असावे लागतात. टायट्रेशनचा एक अहवाल बाईंनी परत पाठवला, कारण निरीक्षणाच्या तक्त्यात एककंच नव्हती. त्याने तो रात्री बसून पुन्हा लिहिला. वर्गात त्याला नव्वदच्या वर होते, जूनच्या पेपरात ७८ आले. मोलची गणितं कच्ची राहिली होती, ती आम्ही उन्हाळ्यात करून घेतली. वर्गातल्या गुणांवरून ते कधीच कळलं नसतं.

न्यू यॉर्कचंही सगळं गोड नाही. मे महिना जवळजवळ पूर्ण जुने पेपर सोडवण्यात जातो आणि चांगले शिक्षकही त्याने वैतागतात. शिवाय २०२७ च्या सप्टेंबरपासून डिप्लोमासाठी रीजंट्स पास होण्याची अट काढायचं राज्याने ठरवलंय. परीक्षा मात्र राहणार आहेत. मुलाला काय येतं हे शाळेबाहेरच्या पेपरावरून कळणं, माझ्या दृष्टीने महत्त्वाचं तेवढंच आहे.

मूल भारतातून थेट अकरावीत येत असेल तर माझा सल्ला न्यू जर्सीचाच. आल्या आल्या अमेरिकन इतिहासाच्या रीजंट्सची तयारी करणं सोपं नसतं. पण हाताशी नववीपासूनची चार वर्षं असतील तर मी न्यू यॉर्कच्या बाजूला घर बघेन आणि शाळा बघायला जाईन तेव्हा लॅबच्या तासांचं वेळापत्रक मागून घेईन.