शंभर मण्यांची गणितमाळ : रत्नागिरीत घेतली, नेपाळच्या शाळेत वापरली

परदेशातल्या खेड्यातल्या शाळेत शिकवायला निघालेल्या कोणी सामानात काय घेऊ म्हणून विचारलं, तर मी सांगते, गणितमाळा घ्या आणि निघण्याआधी त्यांचा दोरा बदला. बाकीचं शैक्षणिक साहित्य राहिलं तरी अडत नाही.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना ही माळ नवी नाही. दहा लाल मणी, मग दहा पांढरे, परत दहा लाल, असे एकूण शंभर. मुलाने ३७ दाखवायचे तर तीन दशकं सरकवायची आणि पुढचे सात मोजायचे. माझी बरीचशी नोकरी पहिली-दुसरीच्या वर्गावर झाली, त्यामुळे माळ हाताशी नसली की मला चैन पडत नाही.

नेपाळला जाणं कसं झालं ते थोडक्यात सांगते. पावसजवळ आमची हापूसची कलमं आहेत. रत्नागिरीच्या बागांत राखणीला, फवारणीला, काढणीला नेपाळी गडी असतात, हे इथे कोणाला वेगळं सांगायला नको. आमच्याकडे येणारे दाजू (नेपाळीत दाजू म्हणजे दादा) पश्चिम नेपाळातल्या कैलाली जिल्ह्यातले, थारू समाजाचे. दिवाळी गावी करून येतात आणि पाऊस तोंडावर आला की परत जातात. त्यांच्या गावच्या शाळेत शिक्षक कमी पडतात हे त्यांच्याकडून किती वर्षं ऐकत होते. निवृत्त झाल्यावर फोनवर तिथल्या हेडसरांशी बोलले, शाळेच्या व्यवस्थापन समितीने होकार दिला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मी निघाले. मंगला एक्सप्रेसने दिल्ली, तिथून बसने बनबसा, शारदा नदीचा बंधारा ओलांडला की नेपाळ. आपल्याला व्हिसा लागत नाही. दाजू आमच्या बागेत आणि मी त्यांच्या आईच्या घरी, असा तो हिवाळा गेला.

आता माळेबद्दल. रत्नागिरीत शैक्षणिक साहित्याच्या एका दुकानातून मुलांसाठी लहान मण्यांच्या माळा घेतल्या, आणि वर्गात भिंतीला लावायला मोठ्या मण्यांची एक. लहान माळ दीडशे रुपयांच्या आत मिळाली. मणी लाकडी, गुळगुळीत, भोक सरळ पाडलेलं. रंग पक्का निघाला. डिसेंबरात कैलालीत अकरा वाजेपर्यंत धुकं हटत नाही, सगळं दमट असतं, पोरांचे हात ओले असतात, तरी कोणाच्या बोटाला लाल रंग लागला नाही. मणी प्लॅस्टिकचा असला तर बोटाखाली घसरतो आणि मूल एकाच्या जागी दोन मोजतं. लाकडाला मात्र एवढे पैसे मोजायला माझी हरकत नाही.

दोरा मात्र अगदी वाईट होता. सुती, पातळ, आणि इतका ताणून बांधलेला की दोन मण्यांच्या मध्ये फट पडेना. माळेत फट पडली नाही तर ती गणिताला निरुपयोगी आहे. आठ आणि पाच मिळवताना मुलाला आठानंतर माळ तोडता आली पाहिजे, पाचातले दोन इकडे घेऊन दहा पुरे करता आले पाहिजेत, उरलेले तीन तिकडे दिसले पाहिजेत. हे सगळं त्या फटीतच घडतं. दुकानदाराला दाखवलं तर तो म्हणाला, सगळ्या अशाच येतात. म्हणजे माळ बनवणाऱ्याने ती मुलाच्या हातात कधी पाहिलीच नसणार, आणि याचा मला खरोखर राग आला. शाळेसाठी वस्तू बनवायची तर एकदा शाळेत जाऊन बसावं.

आपण किनाऱ्यावरची माणसं, दोऱ्याला कमी नाही. पहिल्यांदा तंगूस, म्हणजे मासे पकडायच्या गळाचा दोरा आणला, पण तो कडक असतो, वेटोळं सोडत नाही आणि गाठ सरकते. मग पूर्णगडच्या बंदरावरून जाळं विणायचा नायलॉनचा दोरा आणला. शेजारच्या वहिनींनी सगळे मणी ओवून दिले, टोकाला जाळ्याची गाठ मारून ती मेणबत्तीवर धरून चिकटवली. प्रत्येक माळेला चार बोटं ढील ठेवली. मोठ्या माळेला हाताची वीतभर. त्यातली एकही माळ अजून तुटलेली नाही आणि माझ्यानंतरही ती शाळा त्या वापरते आहे.

तिथला दिवस कसा जायचा ते सांगितलं म्हणजे ही माळ का कामी आली ते कळेल. सकाळी धुक्यात हातपंपावरून पाणी आणायचं, चुलीपाशी बसून चहा, नऊच्या सुमाराला पोटभर डाळभात. शाळा दहा ते चार. मी होते तेव्हा रविवारी शाळा भरायची, शुक्रवारी अर्धी आणि सुट्टी शनिवारी. फळ्यावर रोज विक्रम संवताची तारीख, २०८१ मंसिर अमुक. पाचवीपर्यंतच्या मुलांना दुपारी शाळेत खाजा, म्हणजे मधल्या वेळचं खाणं, मिळतो. त्याला सरकार तेव्हा एका मुलामागे दिवसाला १५ नेपाळी रुपये देत होतं, म्हणजे आपले साडेनऊच्या आत. त्यात कधी चिउरा म्हणजे पोहे आणि चणे, कधी खिचडी. स्वयंपाकाची दिदी एवढ्या पैशात सगळ्यांची पोटं कशी भरायची हे मी रोज पाहत होते, आणि तिच्याविषयी मला फार आदर वाटतो. संध्याकाळी घरी आजी घोंघी शिजवायच्या, भातशेतातल्या गोगलगायी. आपण खाजणातल्या तिसऱ्या चोखून खातो तशाच त्या चोखायच्या. मला पहिल्या दिवसापासून आवडल्या.

पहिली-दुसरी-तिसरी एकत्र, एक शिक्षिका आणि मी. मुलं घरी थारू बोलतात, पुस्तक नेपाळीत, मी हिंदीत. अशा वर्गात तोंडाने समजावत बसलं तर तास तिथेच संपतो. माळ हातात दिली की मी गप्प राहू शकत होते. ऊन आलं की सतरंज्या मैदानात टाकायच्या आणि दोघांत एक माळ. मी फळ्यावर ६४ लिहायचं, मुलांनी कपड्यांचा चिमटा बरोबर जागी लावायचा. पहिल्यांदा सगळी एकेक मणी मोजत निघाली. दुसरीतली एक मुलगी, आमच्या दाजूंचीच लेक, साठपर्यंत पोचायची आणि कोणी हाक मारली की पुन्हा पहिल्या मण्यापासून सुरू करायची. मी काही सांगितलं नाही. एका सकाळी ती तशीच विसरली, थांबली, आणि लाल-पांढरे गठ्ठे नुसते बोटाने टिपत गेली. सहा गठ्ठे, मग चार मणी, चिमटा लावला. शेजारच्या मुलाला तिने ते थारूत समजावलं. त्यातलं एक अक्षर मला कळलं नाही, पण त्यानेही चिमटा बरोबर लावला.

त्याच मुलीने मला माळेचा एक उपयोग दाखवला, जो मी इतक्या वर्षांत केला नव्हता. २० मंसिरला, म्हणजे आपल्या ५ डिसेंबरला, तिने विचारलं की बाबा कधी येणार. वर्गातल्या बऱ्याच मुलांचे वडील कोकणात किंवा दुसरीकडे कामाला होते, त्यामुळे तो प्रश्न सगळ्यांचाच होता. मी म्हटलं, मोजू या. भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. तिकडच्या महिन्यांचे दिवस दरवर्षी थोडे बदलतात, म्हणून प्रत्येक महिना बघून मणी सरकवले. मंसिरचे उरलेले, मग पुस, माघ, फागुन. चैत लागता लागता शंभर मणी संपले. चैत म्हणजे आमच्या बागेत काढणीची घाई, बाबा अजून झाडावर! मग दुसऱ्या गटाने आपली माळ आणून शेजारी ठेवली. वैशाख झाला, जेठ लागला आणि दुसऱ्या माळेवर सत्तरच्या पुढे चिमटा लागला. शंभराच्या पुढची संख्या दुसरीतल्या मुलांना त्या दिवशी समजली. रात्री फोनवर तिने वडिलांना ती संख्या सांगितली. इकडे पावसला तेव्हा कलमांना मोहोर फुटायला लागला होता.

नेलेल्या इतर वस्तूंबद्दल थोडंसं. खेळण्यातल्या नोटा नेऊ नका, त्यांच्या नोटांवर सगरमाथा म्हणजे एव्हरेस्ट असतो आणि मुलं आपल्या नोटा व्यवहारात ओळखत नाहीत. छापील अंककार्डंही इथूनच घेऊ नका. आकडे देवनागरीच आहेत, पण ५ आणि ८ यांचं वळण वेगळं असतं. कोरे पुठ्ठे न्या आणि तिथल्या शिक्षकांकडून लिहून घ्या. गुंडाळी फळा चांगला, बाहेर उन्हात बसताना फार उपयोगी, पण खडू त्यांच्याकडचे वापरा.

माळा किती घ्याव्या? वर्गात जितकी मुलं असतील त्याच्या निम्म्या, आणि वर दोन-तीन. शिल्लक मणी, एक रीळ दोरा आणि जाड सुई तिथल्या शिक्षकांकडे ठेवून या, गाठ मारायला शिकवून या. दुकानात माळ हातात घेऊन पन्नासाव्या मण्यापाशी फट पाडून बघा. पडत नसेल तर दोऱ्याचे पैसे वेगळे धरा, आणि दुकानदाराला स्पष्ट सांगा. मी पुढच्या महिन्यात आणखी माळा घ्यायला जाणार आहे. दोरा तोच असेल तर पुन्हा सांगेन.