खोकं खरं होतं

जिंतूर तालुक्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. मृगाच्या तोंडावर बियाणं नेणाऱ्या प्रत्येकाला मी बजावतो : पक्की पावती घ्या, पिशवी खालून फोडा, टॅग आणि मूठभर बियाणं पेरणीनंतरही ठेवा, उगवलं नाही तर तक्रारीला तेवढाच पुरावा. त्याच मी वडिलांच्या कॅन्सरचं इंजेक्शन विनापावती घेतलं. 1 लाख 30 हजारांना दोन कुप्या.

अण्णांच्या टाचेला काळा डाग होता. कुरूप समजून त्यांनी तो दोनदा ब्लेडनं तासला, एकदा बिब्बा लावला. चिघळला तेव्हा तुकडा तपासायला गेला आणि मेलॅनोमा, म्हणजे कातडीचा कॅन्सर निघाला. गोऱ्या लोकांत हा बहुतेक उन्हानं होतो. आपल्याकडं तळपायाला, तळहाताला, नखाखाली निघतो, म्हणून कुणाला शंकाच येत नाही. टाचेचं ऑपरेशन झालं. वर्षभरानं पाठ धरली. दिवसा चालते-फिरते असायचे, रात्री आडवं झालं की ठणका. बाजेवर बसून उजाडायचं. एमआरआयमध्ये दोन मणक्यांत गाठी दिसल्या.

संभाजीनगरच्या डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. मणक्याला रेडिएशन, ते योजनेत बसतं. आणि जमलं तर इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं इंजेक्शन : पेम्ब्रोलिझुमॅब, दर तीन आठवड्यांनी 200 मिलिग्रॅम, म्हणजे 100 च्या दोन कुप्या. तळपायाच्या मेलॅनोमाला ते कमी वेळा लागू पडतं, हेही त्यांनी लपवलं नाही. दुकानातला भाव ऐकून मी बाहेर येऊन नुसता पायरीवर बसलो.

दोन दिवसांत पाहुण्यांच्या पाहुण्याचा फोन आला. ‘दादा, आपल्या माणसाला निम्म्या भावात करून देतो. कंपनीच्या कोट्यातला माल आहे.’ घरी आला, अण्णांच्या पाया पडला, चहा घेतला. त्याच्याकडं पावती मागायची तर तोंडावर अविश्वास दाखवल्यासारखं झालं असतं. माझ्याच दुकानात कुणी पावती मागितली तर मला राग येत नाही, हे त्या वेळी सुचलं नाही. वर त्यानं सांगितलं, रेडिएशननं मणका ठिसूळ होतो, आधी इंजेक्शन होऊ द्या. आम्ही रेडिएशनची तारीख पुढं ढकलली.

कुप्या त्यानं पॉलिथिनच्या पिशवीत, बर्फाच्या खड्यांत आणल्या. हे औषध 2 ते 8 अंशांत ठेवायचं असतं, गोठवायचं नसतं. तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात सलाईनमधून दिलं. निघताना तो म्हणाला, ‘रिकाम्या कुप्या आणि खोकं द्या, कंपनीला हिशोब द्यावा लागतो.’ मी स्वतः पिशवीत घालून दिलं. खोक्याचा एक फोटो भाच्यानं सहज काढला होता, तेवढाच राहिला.

अकराव्या दिवशी अण्णांच्या पायाला मुंग्या आल्या, चप्पल पायातून निसटायला लागली. त्याला फोन केला. म्हणाला, औषध गाठीशी झुंजतंय, अशक्तपणा येणारच, चार दिवस थांबा. आम्ही थांबलो. पाचव्या दिवशी लघवी अडली.

मणक्याच्या कॅन्सरमध्ये पायातली ताकद जाणं म्हणजे मज्जारज्जू दाबला जातोय. त्याच दिवशी दवाखाना, एमआरआय, स्टेरॉइड, आणि मग रेडिएशन किंवा ऑपरेशन. माणूस चालत असताना उपचार झाले तर चालता राहण्याची आशा असते. पाय गेल्यावर ते परत येणं अवघड. अण्णांचं रेडिएशन झालं, ठणका बराच कमी झाला. पाय आले नाहीत. कार्तिकात ते गेले.

खरं औषध मिळालं असतं तर वाचले असते असं मी म्हणत नाही. पण ते पाच दिवस माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत.

दवाखान्यातल्या औषध दुकानदारानं फोटोवरून बॅच नंबर कंपनीला विचारला. नंबर खरा निघाला. तो माल कधीचाच दुसऱ्या एका हॉस्पिटलला गेलेला. म्हणजे खोकं खरं होतं. आत काय होतं, ते आता कुणीच सांगू शकत नाही. औषध निरीक्षकांनी पहिलाच प्रश्न केला, ‘रिकामी कुपी कुठंय?’ मार्च 2024 मध्ये दिल्ली पोलिसांनी पकडलेली टोळी हेच करत होती : हॉस्पिटलमधून महागड्या कॅन्सर इंजेक्शनच्या रिकाम्या कुप्या विकत घ्यायच्या आणि बुरशीवरचं औषध भरून पुन्हा विकायच्या. ती बातमी मी नंतर वाचली. आपल्याच हातानं मी त्याला पुढच्या गिऱ्हाइकाचं खोकं दिलं होतं.

म्हणून कुणी रिकामी कुपी मागितली तर देऊ नका; लेबल फाडा, खोक्यावर काट मारा. औषध दवाखान्याच्याच दुकानातून घ्या आणि पावतीवर बॅच नंबर लिहून घ्या. भाव परवडत नसेल तर कंपन्यांच्या सवलतीच्या योजना असतात, त्या उपचार करणाऱ्या डॉक्टरांमार्फतच मिळतात, पाहुण्यांमार्फत नाही.

अर्ज अन्न व औषध प्रशासनाकडं दिलाय, पोच आहे. इंजेक्शन आणून देणाऱ्याचा मोबाइल बंद आहे. पैसे फोनपेवर ज्याच्या नावानं गेले तो भलताच निघाला. बॅच नंबरचा फोटो माझ्याकडं आहे. ज्याला कुणी स्वस्तात असं खोकं आणून दिलं असेल त्यानं दुकानावर या, ताडून बघू.