किमयेचा हिशोब पक्का, ऊर्जेचा जरा कच्चा: 'फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहूड'

जादूचे नियम सुरुवातीला ऐटीत सांगायचे आणि नायक अडचणीत आला की गुंडाळून ठेवायचे, ही फँटसी अ‍ॅनिमेची जुनी खोड. जपानच्या बोन्स स्टुडिओच्या या 64 भागांच्या अॅनिमेशन मालिकेत (2009-10) ती फारशी दिसत नाही.

इथली किमया (अल्केमी) तीन पायऱ्यांची: पदार्थ ओळखा, मोडा, पुन्हा घडवा. जेवढं आणि ज्या जातीचं द्रव्य आत, तेवढंच बाहेर. किमयागारांच्या जिवावर उठलेला स्कार दुसऱ्या पायरीवर थांबतो, म्हणून त्याचा हात लागला की समोरचा संपलाच. लष्करातल्या कर्नल मस्टँगची आग तर प्रयोगशाळेतलीच: हातमोज्याच्या कापडाने ठिणगी, त्यावर काढलेल्या किमयेच्या वर्तुळाने हवेतल्या ऑक्सिजनवर ताबा. पाऊस पडला, मोजे भिजले, की कर्नलसाहेब बिनकामाचे!

खरी कसोटी माणूस घडवताना. 35 लिटर पाणी, 20 किलो कार्बन, 4 लिटर अमोनिया, दीड किलो चुना, 800 ग्रॅम फॉस्फरस, 250 ग्रॅम मीठ... यादी चोख, तरी नायक एडवर्ड आणि त्याचा धाकटा भाऊ अल्फॉन्स यांची मेलेली आई परत येत नाही, कारण आत्म्याच्या बदल्यात मांडायला त्यात काहीच नाही. एडवर्डचा डावा पाय जातो, अल्फॉन्सचं अख्खं शरीर. भावाचा आत्मा चिलखतात बांधायला मग एडवर्डचा उजवा हात. मेलेलं मूल परत मागणाऱ्या त्यांच्या गुरू इझुमीच्या पोटातले अवयव जातात. याला 'समतुल्य विनिमय', म्हणजे जेवढं द्याल तेवढंच मिळेल, म्हणणं धाडसाचं आहे. ही किंमत नाही, दंड आहे, आणि तोही माणूस पाहून ठोठावलेला. माझ्या मते मालिकेची सगळ्यात धारदार कल्पना हीच.

परीस मिळाला की नियम मोडतात असं आधी वाटतं. पण तो जिवंत माणसांपासून बनतो आणि वापरला की झिजतो. म्हणजे उधारी तीच, फक्त दुसऱ्याच्या खात्यावर.

उणीव ऊर्जेची. वस्तुमानाचा हिशोब लागतो, पण ते हलवणारी शक्ती येते कुठून, याचा उलगडा फार उशिरा आणि घाईत होतो. एडवर्डची किमया बंद पडते तेव्हा शिंग देशातल्या मे या मुलीची चालूच राहते, ही खूण मात्र वेळीच पेरली आहे. सुरुवातीचे दहाबारा भागही धावतात. सुरुवातीची तीच कथा 2003च्या 51 भागांच्या मालिकेत निवांत सांगितली होती.

शेवटी एडवर्ड काय मोजतो ते इथे फोडत नाही. पाहताना सत्याच्या दारापाशी (माणूस घडवू पाहणारा जिथे ओढला जातो तिथे) होणारं प्रत्येक संभाषण मात्र नीट ऐका, सौदा तिथेच ठरतो.