लोहार चाळीतला मायका: माल चोख, ओळख मात्र आपणच पटवायची

मुंबईच्या लोहार चाळीत वायर आणि स्विचांच्या गर्दीत विद्युतरोधक साहित्य विकणारे एक जुने, अरुंद दुकान आहे. इस्त्री, टोस्टर आणि कारखान्यातले पट्टी-हीटर यांच्या दुरुस्तीसाठी आम्ही मायका, म्हणजे अभ्रक, तिथूनच घेतो. गल्ल्यावरचे काका माप विचारण्याआधी "किती तापणार?" असे विचारतात, आणि हीच या दुकानाची मोठी जमेची बाजू आहे.

कारण उघड आहे. मस्कोव्हाइट या पोटॅशियमयुक्त अभ्रकाचा, सिलिकॉन रेझिनने चिकटवलेला तक्ता सतत वापरात साधारण ५०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतो, तर मॅग्नेशियमयुक्त फ्लोगोपाइटचा ७०० अंशांपर्यंत. उलट, विद्युतदाब सोसण्यात मस्कोव्हाइट सरस ठरते. बायोटाइट या आणखी एका अभ्रकात लोह असल्यामुळे ते या कामाला घेतच नाहीत.

काकांनी झारखंडमधल्या कोडरम्याकडचा तांबूस छटेचा नैसर्गिक तुकडा हातात दिला. नखाने कड उचलताच त्यातून काचेसारखा पारदर्शक, तरीही वाकणारा पापुद्रा सरळ सुटून आला. सिलिकेटच्या थरांना जोडणारे पोटॅशियमचे बंध कमकुवत असतात, म्हणून हे शक्य होते. एवढे मोठे निर्दोष तुकडे महाग पडतात. त्यामुळे रोजच्या कामाला अभ्रकाचा लगदा करून बनवलेला मायका पेपर, किंवा पापुद्रे लाखेने चिकटवून केलेले मायकानाइटच चालते. मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणाऱ्या कम्युटेटरमध्ये तांब्याच्या पट्ट्यांमध्ये फ्लोगोपाइट घालतात, कारण ते तांब्याच्या जोडीने झिजते.

आम्ही घेतलेला अर्धा मिलिमीटर जाडीचा फ्लोगोपाइट तक्ता हीटरमध्ये उत्तम बसला. पहिल्यांदा तापताना सिलिकॉनचा थोडा धूर निघाला, पण तो निघतोच. तेवढ्यावरून माल परत करायला धावू नये.

तक्रार दोन गोष्टींची. दुकानातला पोऱ्या बोथट कात्रीने कापतो, त्यामुळे कडांचे थर सुटतात; तक्ता अख्खा आणून घरी धारदार सुरीने कापलेला बरा. शिवाय दोन्ही प्रकार वर्तमानपत्रात सारखेच गुंडाळून दिले जातात. मस्कोव्हाइटचा तक्ता रुपेरी आणि फ्लोगोपाइटचा सोनेरी-तपकिरी दिसतो खरा, पण दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली हा फरक पटकन कळत नाही. बिलावर प्रकार आणि जाडी लिहून मागितली, तर काका कुरकुर न करता लिहून देतात. मात्र मागावी आपणच लागते.