गावची शाळा, तालुक्याचे कॉन्व्हेंट की नवोदय? मुलांच्या आत्मविश्वासाच्या दृष्टीने एक तुलना

हरभरा निघाला आणि कापसाचा शेवटचा चुकारा हाती आला की विदर्भातल्या खेड्यांत घरोघरी एकच विषय निघतो, तो म्हणजे पोरांना पुढच्या वर्षी कुठे घालायचे. पूर्वी या चर्चेत गुण, शिष्यवृत्ती आणि नोकरी एवढेच शब्द असत. अलीकडे मात्र "पोरगं चार लोकांत बोललं पाहिजे", "माझ्यासारखं तहसीलमध्ये हात जोडून उभं राहू नये" अशी अपेक्षा आई-वडील उघडपणे बोलून दाखवतात, आणि ती योग्यच आहे. त्यांच्यासमोर साधारणपणे तीन वाटा असतात: गावातली जिल्हा परिषदेची शाळा आणि घर, तालुक्याच्या गावातले इंग्रजी माध्यमाचे कॉन्व्हेंट, किंवा सहावीपासून जवाहर नवोदय विद्यालय, म्हणजे केंद्र सरकारची निवासी शाळा. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात शाळा व्यवस्थापन समितीवर दोन मुदती काम केले. माझी मुलगी गावच्या शाळेतून पुढे तालुक्याच्या हायस्कुलात गेली, मुलगा नवोदयात शिकला आणि पुतण्या पहिल्यापासून कॉन्व्हेंटमध्ये आहे. त्यामुळे या तिन्ही वाटा मी जवळून पाहिल्या आहेत. पुढील तुलना केवळ आत्मविश्वास आणि नेतृत्व या दोनच गोष्टींपुरती आहे. कोणत्या शाळेतून किती मुले डॉक्टर झाली, हा हिशेब येथे मांडलेला नाही.

आधी मोजमाप कोणते वापरायचे ते ठरवले पाहिजे. गॅदरिंगमध्ये न अडखळता भाषण करणारे मूल धीट असते, परंतु धीटपणा आणि आत्मविश्वास एकच नव्हेत. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने 1977 मध्ये मांडले की 'हे काम मला जमेल' हा विश्वास मुख्यतः चार गोष्टींतून येतो: स्वतः ते काम करून दाखवल्याचा अनुभव, आपल्यासारख्याच माणसाला ते करताना पाहणे, विश्वासू माणसाने दिलेला धीर, आणि त्या वेळची शरीर-मनाची अवस्था. यांत पहिली गोष्ट सर्वांत बळकट असते. नेतृत्वाच्या बाबतीतही आपली समजूत तपासून घ्यावी लागते, कारण पुढारी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर फटफटीवर झेंडा लावून निघालेला माणूसच येतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने 2009 मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. तिथे ग्रामसभेचा निर्णय बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने होतो, म्हणजे तिथे पुढे असणाऱ्याला सर्वांत आधी ऐकून घेणे जमावे लागते. म्हणून मी प्रत्येक वाटेला एकच प्रश्न विचारला आहे: या वाटेवर मूल आठवड्यातून असे किती निर्णय स्वतः घेते, ज्यांवर दुसऱ्या कोणाचे तरी काम अवलंबून असते?

या प्रश्नाला कॉन्व्हेंटचे उत्तर फार दुबळे येते, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. मूल सकाळी व्हॅनमध्ये बसते, दुपार टळल्यावर परत येते, त्यानंतर शिकवणीला जाते आणि दिवेलागणीनंतर गृहपाठाला बसते. दिवसभरातला एकही निर्णय त्याचा नसतो. स्नेहसंमेलनात त्याने इंग्रजीतून केलेले सूत्रसंचालन पाहून आई-वडिलांचे डोळे भरून येतात, परंतु ते बहुधा बाईंनी लिहून दिलेले आणि महिनाभर घोकून घेतलेले असते. माझ्या पुतण्याच्या शाळेत काही काळ मराठी बोलल्याबद्दल दोन रुपये दंड होता. त्याचा परिणाम असा झाला की घरी आजी "काऊन रे, जेवला का?" असे विचारी तेव्हा तो आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना हे आधी पाहत असे. ज्या भाषेत मूल रडायला आणि भांडायला शिकले, तिचीच लाज वाटू लागली तर वरून चढवलेला धीटपणा फार दिवस टिकत नाही. याहून मोठी अडचण पालकसभेत दिसते. डायरीतला इंग्रजी मजकूर वाचता न येणारे वडील मागच्या बाकावर गप्प बसतात आणि मूल ते पाहत असते. बांडुराने सांगितलेला दुसरा आधार, म्हणजे आपल्या माणसाला करताना पाहणे, तिथेच निसटतो.

तरीही या वाटेचा लाभ नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. इंग्रजी कानावर पडल्यामुळे ती भाषा या मुलांना परकी वाटत नाही, अनोळखी माणसांशी बोलण्याची सवय लागते आणि शहरात गेल्यावर पहिल्या वर्षीचा बुजरेपणा पुष्कळ कमी होतो. शिक्षण हक्क कायद्याखालील 25 टक्के राखीव प्रवेश मिळाला, तर फीचा मोठा भार टळतो. तो मिळाला नाही आणि फीसाठी दरवर्षी उसनवारी करावी लागली, तर मात्र "तुझ्यासाठी एवढा खर्च करून राहिलो" हे वाक्य घरात रोज ऐकू येऊ लागते. अशा ओझ्याखाली मूल चूक करायला भिते, आणि जे चूक करायला भिते ते पुढाकार घेत नाही.

गावच्या शाळेची गोष्ट वेगळी आहे, कारण तिच्या उणिवांतच तिचे काही गुण दडलेले आहेत. दोन शिक्षकांच्या शाळेत गुरुजी तालुक्याला बैठकीला गेले की चौथीची मुलगी पहिलीच्या मुलांना पाढे म्हणायला बसवते. ही व्यवस्था आदर्श नाही, आणि पालकांनी तिच्याविरुद्ध तक्रार केलीच पाहिजे, पण त्या मुलीला मिळालेली जबाबदारी खरी असते. परिपाठ, शालेय मंत्रिमंडळ आणि पोषण आहाराची पंगत या तीन जागी मुलांच्या हाती काम येऊ शकते. येऊ शकते असे म्हणतो, कारण अनेक ठिकाणी मंत्रिमंडळ जूनमध्ये फलकावर लिहिले जाते आणि एप्रिलपर्यंत तसेच राहते. कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यामुळे हे बदलणे आपल्या हातात असते. आमच्या समितीने पाण्याच्या टाकीची आणि तांदळाच्या नोंदीची देखरेख मंत्रिमंडळाकडे दिली, तेव्हा पाचवीच्या आरोग्यमंत्र्याने टाकी धुतली नाही म्हणून थेट ग्रामसेवकांना विचारले. ग्रामसेवक हसले, पण टाकी धुतली गेली.

या वाटेचा खरा ठेवा मात्र शाळेबाहेर आहे, कारण मूल चार वाजल्यानंतर आपल्याजवळ असते. आमच्याकडे वेचणीच्या हंगामात वावरात बाया कापूस वेचतात आणि संध्याकाळी किलोप्रमाणे मजुरी लिहिली जाते. माझी मुलगी बारा वर्षांची असताना सुट्टीच्या दिवशी वही तिच्याकडे दिली होती. एकदा तिने एका बाईचे वजन दुसरीच्या नावावर चढवले. चूक रात्री हिशेब करताना लक्षात आली. मी ती गुपचूप दुरुस्त करणार होतो, परंतु तिच्या आईने वही तिच्या हातात देऊन तिला एकटीला त्या बाईच्या घरी पाठवले. ती रडवेली होऊन गेली आणि अर्ध्या तासाने परत आली. पुढच्या खेपेपासून प्रत्येक वजन ती आधी मोठ्याने वाचून दाखवू लागली आणि ऐकणाऱ्या बाईने मान डोलावल्यावरच लिहू लागली. ही रीत तिला कोणी शिकवली नव्हती. वर्ध्यात 1937 च्या शिक्षण परिषदेत गांधीजींची जी नई तालीम मांडली गेली, तिचा गाभा हाच होता की उपयोगी काम हेच शिकण्याचे साधन व्हावे. सेवाग्राम आपल्यापासून इतके जवळ असूनही ही गोष्ट आपण विसरलो, याचे मला नवल वाटते.

येथे एक मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. बालमजुरीविषयीच्या कायद्यात 2016 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलाला केवळ स्वतःच्या कुटुंबाच्या कामात, शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत, आणि तेही धोक्याचे नसलेल्या कामातच मदत करता येते. वही लिहिणे, बाजारातून उरलेल्या पैशांचा हिशेब देणे, बकऱ्यांचे पाणी पाहणे ही जबाबदारी झाली. शाळा बुडवून वेचणीला नेणे ही मजुरी झाली. फवारणीच्या दिवशी तर मुलांना वावराच्या धुऱ्यावरही उभे करू नये. 2017 मध्ये आमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली, हे इतक्या लवकर विसरण्यासारखे नाही.

गावात मुलांनी मुलांसाठी चालवलेल्या गोष्टीही असतात, फक्त आपण त्यांना शिक्षण मानत नाही. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल सजवून घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ किंवा चार पैसे, मागताना लहान मूल मोठ्यांशी बोलायला शिकते. भुलाबाईच्या, म्हणजे मुलींच्या गाण्यांच्या सणाच्या, दिवसांत मुली कोणाच्या घरी कधी जायचे, गाणी कोणी धरायची आणि रुसलेलीला कसे परत आणायचे हे सारे आपापसांत ठरवतात. कोणत्याही शिबिराचे शुल्क भरून याहून चांगला सराव मिळेल असे मला वाटत नाही. उन्हाळी व्यक्तिमत्त्व विकास शिबिरांविषयी म्हणूनच दोनच वाक्ये लिहितो. मैदानी खेळाचे शिबिर असेल तर मुलाला जरूर पाठवावे. दहा दिवसांत वक्ता घडवण्याची हमी देणाऱ्या जाहिरातीला पैसे देऊ नयेत.

नवोदयाची वाट या दोहोंहून निराळी आहे आणि तिचे विदर्भाशी जुने नाते आहे, कारण 1985-86 मध्ये सुरू झालेल्या पहिल्या दोन विद्यालयांपैकी एक अमरावती जिल्ह्यातले होते, तर दुसरे हरियाणातल्या झज्जरचे. सहावीला एका विद्यालयात जास्तीत जास्त 80 जागा असतात, त्यांतल्या किमान 75 टक्के ग्रामीण मुलांसाठी आणि एक-तृतीयांश मुलींसाठी असतात. राहणे, जेवण, गणवेश आणि पुस्तके मोफत असून नववीपासून काही विद्यार्थ्यांकडून विकास निधी घेतला जातो, त्यातून मुली, अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांची मुले वगळलेली आहेत. मुले अरावली, नीलगिरी, शिवालिक आणि उदयगिरी अशा चार सदनांत विभागली जातात, आणि सकाळच्या कवायतीपासून भोजनगृहातल्या रांगेपर्यंत बरेचसे काम सदनाचे मोठे विद्यार्थी पाहतात. नववीतल्या सुमारे 30 टक्के विद्यार्थ्यांना एका वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयात पाठवले जाते. माझा मुलगा त्यात गेला आणि परत आला तेव्हा त्याच्यातला मोठा बदल हिंदी बोलण्याचा नव्हता. आपली भाषा ज्याला येत नाही त्याच्याशीही आपली मैत्री होऊ शकते, ही खात्री त्याला आली होती.

माझ्या प्रश्नाला नवोदयाचे उत्तर म्हणूनच मध्यम ते चांगले येते: बरोबरीच्या मुलांमधले निर्णय पुष्कळ, पण पैशाचे, शेतीचे आणि नात्यांचे निर्णय जवळजवळ शून्य. माझा मुलगा सदनाचा कर्णधार होता, तरी सुट्टीत घरी आला की बियाणे कोणते घ्यायचे या चर्चेत पाहुण्यासारखा बसे. दुसरी अडचण प्रवेशाआधीची आहे. ही परीक्षा मुलाला एकदाच देता येते, त्यामुळे चौथीपासूनच काही घरांत खेळ, भजन, वावर सगळे बंद करून शिकवण्या लावल्या जातात. जिल्ह्यातून हजारो अर्ज येतात हे घरातल्या सर्वांना ठाऊक असते, आणि तरीही निकाल लागल्यावर दहा वर्षांच्या मुलाला "याचं काही झालं नाही" असे पाहुण्यांसमोर ऐकावे लागते. ज्या परीक्षेने आत्मविश्वास मिळवायचा, तिनेच तो जातो. अर्ज भरण्याआधी आई-वडिलांनी न लागलेल्या निकालाच्या दिवशी आपण काय बोलू, हे आपसांत ठरवून ठेवावे.

मुलींचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. गावची शाळा चौथी किंवा सातवीला संपते आणि पुढच्या प्रवासाच्या प्रश्नावर अनेक मुलींचे शिक्षण थांबते. एसटीचा मोफत पास आणि शासनाच्या मानव विकास कार्यक्रमाची निळी बस यांनी ही अडचण पुष्कळ कमी केली आहे, आणि बस वेळेवर येत नाही म्हणून मुलींनीच आगार व्यवस्थापकांना अर्ज लिहिणे हा नेतृत्वाचा उत्तम पहिला धडा ठरू शकतो. पश्चिम बंगालमधल्या 495 खेड्यांच्या, 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की जिथे दोन निवडणुकांमध्ये महिला पंचायतप्रमुख होत्या, तिथे मुलींच्या आणि त्यांच्या आई-वडिलांच्या आकांक्षा ठळकपणे उंचावल्या. आपल्याकडे पंचायतीत महिलांना निम्म्या जागा आहेत. तरीही सरपंच आई केवळ सही करते आणि सभा वडील चालवतात असे दृश्य मुलगी रोज पाहत असेल, तर तिला कोणत्याही शाळेत घातले तरी ती घरचाच धडा गिरवेल.

कौतुकाविषयीही एक गोष्ट तिन्ही वाटांना लागू पडते. म्युलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांच्या 1998 च्या प्रयोगांत "तू हुशार आहेस" असे ऐकलेल्या पाचवीच्या मुलांनी पुढे सोपी कामे निवडण्याकडे कल दाखवला, तर "तू मेहनत घेतलीस" असे ऐकलेली मुले अवघड कामाकडे वळली. आपल्याकडे पाहुणे आले की "माझा पोट्टा लय हुशार" हे सांगण्याची सवय आहे, तिला थोडा आवर घालावा.

मग कोणी काय निवडावे? गावच्या शाळेत किमान एक तळमळीचा शिक्षक असेल आणि घरी संध्याकाळी मुलाशी बोलायला कोणी असेल, तर पाचवीपर्यंत मी डोळे झाकून तीच वाट सांगेन. घरात दारू किंवा सततची भांडणे असतील, किंवा मुलीचे लग्न लवकर उरकण्याचा दबाव असेल, तर नवोदय ही केवळ चांगली शाळा नसून सुटकेची जागा ठरते, आणि तिथे अर्ज करण्यात कुचराई करू नये. कॉन्व्हेंट त्यांनीच निवडावे ज्यांना फी कर्जाविना झेपते आणि जे शिकवणी टाळून मुलाची संध्याकाळ त्याला परत देऊ शकतात. अशा घरातले मूल इंग्रजीही शिकेल आणि वहीही लिहील.

शाळा पाहायला जाल तेव्हा मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा घेऊन परत फिरू नका. मधल्या सुट्टीत मैदानाच्या कडेला उभे राहा, भांडण लागले की मुले कोणाकडे धावतात ते पाहा, आणि जवळून जाणाऱ्या एखाद्या मुलाला आपल्या बोलीत साधाच प्रश्न विचारा. उत्तर देण्याआधी ते तुमच्याकडे पाहते की शिक्षकांकडे, हे नीट लक्षात ठेवून घरी या.