पिकअप गेला नव्हता, पॉट बदलले होते

झाडीपट्टीतून नागपूरला गिटार दुरुस्तीला नेणाऱ्यांनो, आधी हे वाचा. माझे 4,800 रुपये गेले, आणि ते धानाच्या पैशातले होते.

मी वडशाकडच्या नाटकांत इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. दिवाळीनंतर हंगाम लागतो, त्याच्या तोंडावरच व्हॉल्यूमचा नॉब खरखरायला लागला. एवढीच तक्रार होती. दुरुस्तीवाल्याने 400 रुपयांत दोन्ही पॉट, म्हणजे नॉबखालचे कमी-जास्त होणारे रोध, नवे टाकले. खरखर थांबली, पण ब्रिजजवळचा हंबकर (तारांच्या कंपनाचा विजेचा सिग्नल करणारा दोन कॉइलचा पिकअप) असा वाजू लागला की जणू कोणी तोंडावर घोंगडी धरून बोलतंय. परत गेलो. "मॅग्नेट कमजोर झालं भाऊ, पिकअपच गेला. माझ्याकडे इम्पोर्टेड आहे." नाटक चार दिवसांवर होतं. दिले पैसे. जुना पिकअप तेवढा मागून घेतला.

नवा लावूनही आवाज दबलेलाच, वर स्टेजवर भणभण. हंबकरच्या दोन कॉइल उलटसुलट जोडलेल्या असतात, म्हणून विजेची 50 हर्ट्झची भणभण एकमेकींत कटते. मग ही आली कुठून?

गावात टीव्ही दुरुस्त करणारे काका आहेत. "खोल बरं जी," म्हणाले. पॉटच्या पाठीवर 'बी 25 के' लिहिलेलं, म्हणजे 25 किलोओहम. साध्या हंबकरला 500 किलोओहमचा पॉट लावतात. 25चा लागतो तो बॅटरीवर चालणाऱ्या अ‍ॅक्टिव्ह पिकअपला. व्हॉल्यूम दहावर असला तरी पॉटचा सगळा रोध सिग्नल आणि ग्राउंडच्या मध्ये जोडलेलाच राहतो, आणि तो जितका कमी तितकी आवाजाची वरची धार मरते. चुकून झालं म्हणावं, तर 500चे जुने पॉट त्यानेच काढले होते. आधी आवाज मारला, मग पिकअप विकला.

नव्या पिकअपची गत आणखी वाईट. अँप लावून काकांनी दोन्ही कॉइलवर स्क्रू ड्रायव्हर हळूच टेकवला. एकीवर ठक्क आवाज, दुसरी जवळजवळ मुकी. टेप सोडून पाहिली तर नुसती रिकामी बॉबिन (कॉइलची रीळ), तार गुंडाळलेलीच नाही.

हे गिटार न खोलताही कळतं. केबल लावा, एकच पिकअप निवडा, व्हॉल्यूम पूर्ण ठेवा आणि केबलच्या दुसऱ्या बाजूच्या पिनच्या टोकाला अन् दांडीला ओहमवर ठेवलेला मल्टिमीटर लावा. माझा जुना पिकअप एकटा 8 किलोओहम भरतो. 500च्या पॉटसोबत 7.9च्या आसपास, 25च्या पॉटसोबत जेमतेम 6. गिटार कोणाच्या हातात देण्याआधी हा आकडा लिहून ठेवा आणि आतल्या वायरिंगचा फोटो काढा, पॉटच्या पाठीवरचे आकडे वाचता येतील असा. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं, म्हणून त्याच्यासमोर बोलता आलं नाही.

500चे पॉट मागवून काकांनी जुनाच पिकअप परत बसवला. मजुरी घेतली नाही. या हंगामात तोच पिकअप रात्र रात्र वाजतो आहे. रिकाम्या बॉबिनचे फोटो दुरुस्तीवाल्याला पाठवले, तर उत्तर आलं, "विकलेला माल परत घेत नाही."