स्लीपर की थर्ड एसी? उन्हाळ्यात रेल्वेने भटकणाऱ्या जोडप्यासाठी

मे महिन्यातल्या दुपारी विदर्भातून जाताना स्लीपरच्या उघड्या खिडकीतून वाऱ्याऐवजी झळाच येतात. तरीही फलाटावरची गजबज आणि सहप्रवाशांच्या गप्पा यांमुळे देश खऱ्या अर्थाने भेटतो तो याच डब्यात. थर्ड एसीची खिडकी उघडत नाही, पण चादर, उशी, ब्लँकेट मिळते आणि गर्दी कमी असल्याने सॅकची काळजी बरीच हलकी होते. दोघांपैकी एकाला जरी उष्मा सोसत नसेल, तर भाडे वाचवण्याचा हट्ट धरू नये. माझ्या मते रात्रीचा लांबचा पल्ला एसीने आणि सकाळचा छोटा टप्पा स्लीपरने करावा. दोन्ही डब्यांत साइड लोअर आणि साइड अपर घेतल्यास दिवसा खिडकीशी समोरासमोर बसता येते. उंच व्यक्तीला मात्र तिथे पाय आखडूनच झोपावे लागते.